वादी दैका

कुरियातजवळ वळलो तेव्हा
मागे दशम्यांचा डबा,
ईराची उलटी नुकतीच पुसून झालेली.
दोन्हीकडे जास्त भाजलेल्या विटेचे डोंगर,
झाड म्हणून नाही.

मग भिंत. भिंतीमागे
एवढं हिरवं पाणी
की शलाका म्हणाली, खोटं वाटतं.

आप्पा व्हिजिटवर आलेले.
दीड महिना रुवीच्या बाल्कनीतून
पार्किंग मोजत बसलेले.
कठड्याला टेकले ते टेकलेच.

चौथीत असताना घर कोयनेत गेलं,
त्याबद्दल ते बोलत नाहीत.

"खाली कोण राहायचं?"
मला माहीत नव्हतं.
त्यांनी रखवालदाराला विचारलं, हिंदीत.
तो चितगावचा,
नुसता हसला, सावलीतली खुर्ची पुढे केली.
बसले नाहीत.

ईरा खडे टाकत होती, मोठ्यानं मोजत.
सातव्याला आप्पांनी तिचा हात धरला.

घाट उतरताना एवढंच म्हणाले,
हळू घे.