डब्यातला जुलै

दार त्याने नाही, त्याच्या खोकल्याने वाजवलं.
दांगुओले मावशीने पाठ न वळवताच ओळखलं.
"विद्मंतास, बर्फ झटकून ये. आत चिखल नको."

फेब्रुवारी. काचेवर आतूनसुद्धा बर्फाची नक्षी.
कांद्याच्या माळेशेजारी टांगलेली चिंध्यांची चेटकीण
एक बटण तुटल्यापासून एकडोळी,
तरी दूध उतू जाऊ देत नाही म्हणे.
परवाच गेलं होतं.
मावशी म्हणाली, तेव्हा तिचा डोळा लागला होता.

गावात मावशीला एरवी चेटकीण म्हणतात
आणि घसा बसला की मावशी.

तो भट्टीजवळच्या बाकावर बसला, नेमका तिथे
जिथून खिडकीतून तो बुंधा दिसतो,
वर हातभर बर्फ, जणू कुणी उशी ठेवलेलं स्टूल.

त्या झाडावरून दोन वर्षं कज्जा चालला.
मोजणीवाला आला, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली.
दोरी म्हणाली, खोड त्याचं.
सावली आमची, मधमाश्या आमच्या,
वास तर अख्ख्या वाटेचा,
पण दोरीला वास येत नाही.
ऑक्टोबरात करवत चालली.
त्या दिवशी मावशी संध्याकाळपर्यंत भांडी घासत होती,
घासलेलीच भांडी.

आमच्या भाषेत त्या झाडाला लिएपा म्हणतात
आणि जुलै महिन्यालाही लिएपाच.
कॅलेंडरवाल्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

आता ती उठली. किटलीकडे गेलेला हात
मध्येच थांबला, एप्रनला पुसला.
"तू ठेव गं पाणी," मला म्हणाली,
"माझा हात आज बरा नाही."
हाताला काहीच झालं नव्हतं.
पण पाणी ऐकतं, असं तिचं म्हणणं,
रागाने चढवलं तर रागच उकळतो
आणि मग पिणाऱ्याच्या पोटात तो गुरगुरत बसतो.
मी ठेवलं. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं,
निदान पाण्याला कळण्याइतकं नाही.

फळीवर रासबेरीच्या काड्या होत्या,
रानातला थाइम, शहाजिऱ्याची बरणी,
खोकल्याला यातलं काहीही चाललं असतं.
तिने स्टुलावर चढून मागचा पत्र्याचा डबा काढला.
मी तिच्याकडे बघितलं.
तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तीन चिमट्या. वर बशीचं झाकण.
बशीवर चार खडे मीठ, कशासाठी ते विचारायचं नसतं.
मग लाकडी चमचा, सूर्य फिरतो तसा, सावकाश,
आणि ओठांत एक नाव.
मला वाटलं त्याचं असेल.
जवळ होते म्हणून ऐकू आलं:
लिएपा, लिएपा, लिएपा.
झाडाला म्हणत होती की महिन्याला, देव जाणे.

झाकण निघालं आणि स्वयंपाकघरात
बाहेर उणे अठरा असताना
उन्हाची एक दुपार उभी राहिली, गुणगुणती, पिवळसर,
थोडी चिकट.

त्याने कप तोंडाशी नेला आणि थबकला.
कान आधी लाल झाले, मग मान.
"हे त्याच..."
"पी. गार होतंय."
प्यायला. घोट घोट, तळाशी बसलेल्या पाकळीसकट.
खिडकीकडे बघायचं नाही म्हणून
सगळा वेळ कपातच बघत होता.
जाताना म्हणाला, "मध जरा कमी पडला."
"मधमाश्याही कमी पडल्यात," मावशी म्हणाली.

दार लागल्यावर तिने डबा टेबलावर उपडा केला.
असा खोकला जायला सात रात्री लागतात,
फुलं होती पाच रात्रींपुरती.
दोनदा मोजली. तेवढीच भरली.
खिडकी उघडून, गारठा आत घेत,
ती अंगणात ओरडली, "उद्या याच वेळी! आणि मफलर घाल, मूर्खा!"

मग किटलीतल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतलं,
आमच्या दोघींसाठी.
फिकं होतं.
प्यायलो.