शिंक

यूलो म्हणाला, व्हिल्यांदीच्या बाजारात रोपं मिळतात,
दहा युरोला सहा, मातीसकट.
मी म्हटलं, मिळतात.
आणि सुरीच्या टोकानं फळाची साल तासत राहिले,
कागदासारखी पातळ.

फळ साल्मेच्या परसातलं.
तिचं घर विकलं गेलं, वाफ्यावर आता
गाड्या लावायची फरशी.
हे शेवटचं, जुलैत रुमालात गुंडाळून आणलेलं.
बाकीची फळं बिया पोटात लपवतात,
ही उघड्यावर मिरवते,
म्हणून सालीवरच सगळं काम.

मग फ्रिज. लोण्याच्या डब्यामागे, ओल्या कापसात,
सहा आठवडे खोटा हिवाळा,
खरा खिडकीपर्यंत चढलेला असताना.
बाहेर ठेव की, यूलो म्हणाला, फुकट आहे.
बाहेर उणे बावीस.
बियांना थंडी हवी, शिक्षा नको.

एकतीस वर्षं टपाल वेगळं केलं या बोटांनी,
तार्तू इकडे, व्होरू तिकडे,
अपुरा पत्ता खालच्या खणात.
तरी हे बी बोटाला कळत नाही.
ओली काडी टेकवायची, एक उचलायचं,
मातीवर ठेवायचं. झाकायचं नाही,
उजेड लागतो यांना, पुरलं की संपलं.
अकरा, बारा, तेरा...
आणि मला शिंक आली.

अशी, की मांजर टेबलाखाली,
बशी रिकामी.
यूलोनं चष्मा पुसला. म्हणाला,
झाली पेरणी.

उरलेल्या तेरांवर मी पहारा दिला.
काच, फवारा, पुन्हा काच.
पी हळद नि हो गोरी, असलं इथं काही नाही.
एकविसाव्या दिवशी एक हिरवा ठिपका,
स्वल्पविरामाएवढा.
मग चार. मग सात.
मग एका रात्रीत सगळ्यांनी माना टाकल्या.
बुरशी. पाणी जास्त झालं, माया जास्त झाली,
चूक माझीच.
कुंडी धुऊन पालथी घातली.
यूलो आठवडाभर रोपांबद्दल अवाक्षर बोलला नाही.
त्याचं सांत्वन असंच असतं.

मे महिन्यात जिरेनियमच्या कुंडीत एक पान दिसलं,
तीन पात्यांचं, कडेला करवतीचे दात.
दुसरं खिडकीच्या चौकटीत,
जिथं लाकूड कुजून चिमूटभर माती झाली होती.
कुणी मोजलं नव्हतं,
कुणी काच ठेवली नव्हती.

त्या वर्षी नुसती पानं.
पुढच्या जूनमध्ये, रात्र जेव्हा
यायची म्हणून येते आणि दारातूनच परत जाते,
दोन फळं.

पेराल तसं उगवतं म्हणतात.
स्ट्रॉबेरीला हे कुणी सांगितलेलं नाही.
साल्मेची मोठी होती, काळपट लाल,
उन्हात ठेवलेल्या वाईनसारखी.
ही नखाएवढी, एका गालावर पांढरी.
वास मात्र...
लहानपणी रानातली फळं आम्ही
गवताच्या काडीत ओवून आणायचो,
आणि घर येईपर्यंत
काडीच तेवढी उरायची.
त्या काडीचा वास.

एक मी खाल्लं. एक यूलोला दिलं.
त्यानं अर्धं चावलं,
बराच वेळ जिरेनियमकडे बघत राहिला.
आंबट आहे, म्हणाला.
उरलेलं अर्धं जपून बशीत ठेवलं
आणि विचारलं,
ती सुरी कुठाय?