कार्ड घातलेलं नाही

किल्ली फिरवली की ती बाई बोलायची.
प्रत्येक गाडीत तीच, तोच गोड, जरा थकलेला आवाज:
काऽदो गा सोऽन्यू सारेते इमासेन.
मला वाटायचं, प्रवासाला शुभेच्छा देतेय.
दोन हिवाळे मी तिला उत्तर देत होते,
सैन, सैन, बरं आहे सगळं,
आणि बॉनेटवरची गोधडी काढून
उणे तीसमध्ये इंजिनाला कान लावत होते.

उलानबातर. गाड्यांच्या बाजारामागचं आमचं गॅरेज.
गाड्या समुद्र ओलांडून येतात, मग रेल्वेने,
स्टिअरिंग चुकीच्या बाजूला घेऊन.
कप्प्यात कधी छत्री, कधी सोयासॉसची पुडी,
आणि एक चोपडी, शिक्क्यांनी भरलेली,
जिच्यातलं एक अक्षर कुणाला लागत नाही.
भाऊ म्हणाला, दुलमा, बोल्टला भाषा नसते.
खरंय. पण त्या बाईला होती.

अक्षरं मी काचेवर गिरवली,
श्वासाने धुरकटवून, ग्रीसच्या बोटाने.
नु आणि मे, सख्ख्या बहिणी,
ऐन वेळी एकमेकींचे कपडे घालणाऱ्या.
पाने मोजताना इप्पोन, निहोन, सानबोन,
कारण लांब वस्तूंची मोजणी वेगळी,
चपट्यांची वेगळी, आणि नट खाली पडला
की शोधता शोधता आठवायचं,
याची मोजणी अजून आपल्याला येत नाही.
क्रियापद शेवटी येतं, त्याचं काही वाटलं नाही;
आमच्याकडेही माणसाचं शेवटपर्यंत ऐकावं लागतं
तो हो म्हणतोय की नाही हे कळायला.
पण वा कुठे आणि गा कुठे
यात एक अख्खा वसंत गेला, धुळीच्या वादळांसकट.

लिलावाच्या कागदावर तिकडचा कुणी तपासनीस
घाईघाईत लिहायचा: ओरखडा आहे. गंज आहे.
तंबाखूचा वास. मागच्या सीटवर कुत्र्याचे केस.
माझं पहिलं वाचन हे.
लोक प्रेमकथा वाचून भाषा शिकत असतील,
मी शिकले दुसऱ्यांच्या गाड्यांची दुखणी.

मग एका मार्चमध्ये, खारा चहा मांडीवर,
किल्ली फिरवली आणि
शब्द आपोआप सुटे झाले, निरगाठ सुटावी तसे:
कार्ड घातलेलं नाही.
एवढंच. टोलनाक्याचं कार्ड.
मी इतकी हसले की भाऊ खड्ड्यातून वर आला.
नंतर जरा वाईटही वाटलं.

सातव्या वर्षी एक पांढरी प्रिउस आली.
नकाशाच्या पडद्यावर मी 'घर' दाबलं,
आधी नाकाचं अक्षर, मग छपराखालचं.
ती बराच वेळ शोधत राहिली.
आमच्या इथे तिच्यासाठी रस्ताच नव्हता,
नुसता राखाडी रंग, आणि मधोमध आमचा बाण.
चोपडीत शिक्का होता: सुगावारा मोटर्स, योकोते. खाली नंबर.

लावला. का, ते विचारू नका.
वाक्य पाठ होतं, आदरार्थी शेपट्यांसकट.
पलीकडे एक म्हातारा, आणि त्याची बोली
माझ्या एकाही वहीत नव्हती.
थंडीत तोंड न उघडता बोलल्यासारखे शब्द,
न्दा, न्दा, असलं काहीतरी.
सात वर्षं पाण्यात. मी फोन ठेवणारच होते

तेवढ्यात तो थांबला. मग सावकाश,
लहान मुलाला भरवावं तसं, एकेक घास:
मागचं डावं दार. अजून अडकतं?

मी गाडीकडे पाहिलं. सकाळपासून
त्याच दाराशी झटत होते, अंगठ्याचं नख काळंनिळं.
शुद्ध, पुस्तकी, परीक्षेत पास होणारं उत्तर
जिभेवर तयार होतं. ते तिथेच राहू दिलं.
न्दा, म्हटलं.

पलीकडे तो कुणालातरी हाका मारत सुटला.