पाटावरची घंटा

वेशीवरच्या पाटीला गावाची दोन नावं, एकाखाली एक.
वर कुठलं यावरून एके काळी
रात्रीत कुणीतरी काळा रंग फासून जायचं म्हणे.
त्सेन्झी हे सांगते चहा ओतता ओतता,
शेजारणीच्या दाढदुखीबद्दल सांगावं तसं.

तिच्याकडे मी आठ दिवसांसाठी आलेय.
काहीही न करायला.

खिडकीखाली सफरचंदाची झाडं, तारेला बांधलेली,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी,
त्यातलं एखादं मध्येच फळ टाकतं: धप्‌.
वर डोंगर. त्याच्या काखेत मागच्या हिवाळ्याचं मळकं बर्फ.
आणि त्या बर्फाचंच पाणी घेऊन
उताराच्या कडेकडेनं येणारा पाट,
कुठे मातीतून, कुठे लाकडी पन्हळीतून.

पाटात एक चाक, चाकाला हातोडी,
हातोडीपुढे घंटा.
टण्‌.
थोडं थांबून, टण्‌.
पाणी वाहतंय तोवर वाजायचं, एवढंच तिचं काम.
पहिल्या रात्री मी उशी कानावर घेतली.
दुसऱ्या रात्री मोजत बसले, तीनशे चारपर्यंत.
तिसऱ्या रात्रीपासून
ती वाजते की नाही, मला सांगता आलं नसतं.

जेवायला समोर मान्तोव्हाची ओर्नेला.
सव्वीस वर्षं याच खोलीत,
आधी नवऱ्याबरोबर, आता त्याच्या काठीबरोबर.
त्सेन्झीचं इटालियन वाकडं,
ओर्नेलाचं जर्मन त्याहून वाकडं,
आणि सव्वीस वर्षांत एकीनं दुसरीची
एकही चूक सुधारलेली नाही.
जर्दाळूला त्या दोघींचा एक तिसराच शब्द आहे,
कुठल्याही कोशात न सापडणारा.
मुरांब्याच्या बरणीवर, चिठ्ठीवर, तोच लिहिलाय.
मी तो कडक, बडीशेप घातलेल्या भाकरीवर
बोटभर जाड लावून खाल्ला.

चर्चमागे त्सेन्झीच्या आजोबांचा दगड.
त्यावरच्या नावानं त्यांना हयातीत कुणी हाक मारली नाही,
ते सरकारनं बदलून दिलेलं.
"नीट करून नाही घेतलंत?"
"बाबा घेणार होते. मग म्हणाले, राहू दे,
आता त्यांना कुठे ओ द्यायचीय."
आणि वाळकी पानं झटकत राहिली,
दगड पुसून झाल्यावरही.

सहाव्या रात्री मी दचकून उठले.
काहीच वाजलं नव्हतं.
ते काहीच खोलीभर होतं,
पलंगाखाली, कपाटात, माझ्या कानांत.

खाली दिवा लागला. जिन्यात ओर्नेला,
शाल उलटी, काठी सुलटी.
त्सेन्झी एका पायात गमबूट घालून दुसरा शोधतेय.
बागेपलीकडून बॅटरी हलत आली,
म्हातारा वेंडेलिन, या पाटाचा पाटकरी,
आणि शेडमधून तोडणीला आलेली स्लोव्हाक पोरं,
ल्युबोमिर तर अनवाणीच.
कुणी कुणाला उठवलं नव्हतं.
घंटा थांबली म्हणून सगळे आले होते,
ओल्या गवतातून, एकमेकांच्या मागे,
काही न बोलता.

चाकात काहीतरी गुरफटलं होतं.
ल्युबोमिरनं खांद्यापर्यंत हात घातला,
त्या पाण्यात, जे संध्याकाळपर्यंत बर्फ होतं,
आणि दात वाजवत ओढून काढला
एक निळा एप्रन.
नाड्यांसकट. खिशात तंबाखूची डबी.

बॅटरी वेंडेलिनच्या पोटाकडे वळली.
तिथे एप्रन नव्हता.
"फांदीवर वाळत टाकलेला," तो म्हणाला, जर्मनमध्ये.
मग कुणी विचारलं नसताना, इटालियनमध्ये.
मग पोरांकडे बघून
हातानं फांदी, वारा आणि पाणी करून दाखवलं.

हसणं आधी ओर्नेलाचं सुटलं.
आमचं चालू असतानाच चाक हललं,
एकदा कुरकुरलं.
टण्‌.

"गावात बोलू नका कुणी," वेंडेलिननं हात जोडले.
आम्ही शपथा घेतल्या, ज्याच्या त्याच्या भाषेत.

सकाळी पाववाल्यानं सुटे पैसे मोजता मोजता
मला, परवा निघून जाणाऱ्या परक्या बाईला,
आधी एका भाषेत विचारलं, मग दुसऱ्या:
एप्रन वाळला का?