दोनदा मोजलेली पोरं

रक्षाविसर्जन साडेसहाला होतं.
भिलवडीच्या घाटावर आम्ही सहा पंचवीसलाच हजर.
उशीर झाला तर या वयातही
वर्गाबाहेर उभं राहावं लागेल, अशा बेतानं.

मगदूम सर गेले. वय एक्याऐंशी.
'नवाचा वर्ग,' सुकुमार पुटपुटला
आणि ते कुणाला गैर वाटलं नाही.

घरची माणसं यायची होती.
पायरीवर बसल्या बसल्या हिशेब निघाला,
सरांनी एकूण पोरं शिकवली किती?
चौतीस वर्षं, तुकड्या दोन, तुकडीत साठ.
भागवंत सौंदत्ते, ज्याची अर्धी हयात हळदीच्या सौद्यात
रुमालाखाली बोटं दाबण्यात गेली,
एका दमात म्हणाला, चार हजार ऐंशी.
'नापास वजा कर की,' शबाना बागवान म्हणाली
तिकिटं फाडून फाडून कमावलेल्या आवाजात,
'तीच ती पोरं दोनदा मोजलीस.'

सगळे माझ्याकडं बघायला लागले.
मी, नववी ब.
तीनदा.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सर सायकलवरून घरी आले होते,
पँटीला चिमटा, कॅरिअरला माझा पेपर.
बाप पिठाच्या गिरणीत, भुवयांसकट पांढरा.
मी खोडरबर घेऊन बसलेलो.
'खोडू नको,' सर म्हणाले.
'चुकलंय तिथं चौकट कर.
उद्या तिथंच पाय घसरणार हाय तुझा,
खूण राहू दे.'

मी आता फरश्या बसवतो.
तीन, चार, पाच. दोरी ताणली की कोपरा काटकोनात येतो,
एवढं एकच प्रमेय माझ्या पोटापाण्याला लागलं.
एकोणीसच्या पुरानंतर सरांच्या घरी मीच बसवल्या.
पैसे घेणार नव्हतो. त्यांनी रुपयापर्यंत मोजून दिले,
वर म्हणाले, 'सहा टक्के माल वाया घातलास.'
खरं होतं.

त्या पुरात सर माडीच्या जिन्यात बसून
दोरीला गाठी मारून पाणी मोजत होते.
तासाला चार बोटं, मग तीन, मग दोन.
पहाटे पाचव्या पायरीला थांबेल, असं त्यांनी सांगितलं.
गल्लीनं विश्वास ठेवला. भांडी, दप्तरं, शेळ्या
सगळं सहाव्या पायरीवर.
पाणी आठव्यापर्यंत गेलं.
शेळ्या वाचल्या, दप्तरं गेली.
मी फरश्या घेऊन गेलो तेव्हा पाचव्या पायरीशेजारी
भिंतीवर कोळशानं चौकट होती.
'तेवढं पुसू नको,' म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

घाटावर सगळे चांगलं चांगलं बोलत होते.
सर मारायचे, हे कुणी काढलं नाही,
म्हणून मी काढलं.
लाकडी कंपासनं, पेरांवर.
आणि उषा तोडकरला एकदा फळ्यासमोर उभं करून
शून्याची बहीण म्हणाले,
साठ जण हसले.
मीही हसलो, मागच्या बाकावरून, सगळ्यात मोठ्यानं.
सोमवारपासून ती आली नाही.
चार हजार ऐंशीत ती धरायची का?
भागवंतनं बोटं मिटली.

वर रस्त्याला मघापासून
एक बाई स्कूटी लावून उभी होती,
तोंडाला ओढणी, ऊन नसताना.
शबाना म्हणाली, ती नव्हं.
सुकुमार म्हणाला, तीच.

राख पाण्यात सोडली.
थोडी तरंगली, थोडी लगेच गेली.
सरांच्या थोरल्यानं हात धुतले आणि विचारलं,
तुम्ही सगळे एकाच बॅचचे काय?
'जवळपास,' आम्ही म्हणालो.
हा शब्द सरांना चालायचा नाही.

वर आलो तर स्कूटी गेलेली.
चिखलात स्टँडचा वण तेवढा राहिलेला, रुपयाएवढा.
बाकीचे चहाकडं वळले.
मी चप्पल काढली
आणि पायाच्या अंगठ्यानं
त्याच्याभोवती चौकट केली.