उलटा दगड

मार्चपासून किल्ल्यावर रोजंदारीला आहे मी.
ब्रश, बादली, बांबूची काडी.
साहेब म्हणतात, घासू नकोस नरसम्मा, पुसत जा,
दगड आहे, पितळेचा तांब्या नव्हे.

आठव्या दिवशी दुसऱ्या बुरुजाच्या पोटात
कमरेएवढ्या उंचीवर
कमळ निघालं.
देठ वर, पाकळ्या खाली.
बाजूला साडेतीन ओळी अक्षरं,
तीही डोक्यावर उभी.

कन्नड मला येत नाही.
तेलुगू घरापुरतं, मराठी सातवीपर्यंत.
पण उलटं मला कळतं.
अम्मा मागावर चादर विणायची
तेव्हा मी खाली बसून मागची बाजू बघायची:
वर लाल मोर, खाली पांढरा,
आणि मालकाचं नाव
आरशात बघितल्यासारखं.

साहेबांनी वहीत लिहिलं,
"जुन्या देवळाचा दगड, भिंतीत पुन्हा वापरलेला."
एवढंच.
कुणाचं देऊळ, कुणी पाडलं, की आपोआप पडलं,
वहीत तेवढी जागा नव्हती.

मग अक्कलकोट रोडवरून हिरेमठ मास्तर आले.
वय अठ्ठ्याहत्तर, धोतर, छत्री.
मान तिरपी करून बघितली, जमेना.
शेवटी पाठमोरे उभे राहिले, वाकले,
आणि दोन पायांमधून वाचायला लागले.
आम्ही सगळ्या पदर तोंडाला लावून.
चौकीदार मौलाली म्हणाला,
"मास्तर, हे काय करलालाव?"
मास्तर खालूनच म्हणाले, "गप. तेल आहे इथं."

तेल होतं.
पेठेतल्या तेल्यांनी
देवाच्या दिव्याला रोज सोलगेभर तेल दिलं होतं,
घाण्यामागे एक मापटं.
चंद्र-सूर्य असेतो.
पुढे शाप:
हे दान जो कोणी मोडील, तो

आणि छिन्नी.

तिथंच दगड तोडलेला,
शेजारच्या दगडाला सांधा नीट बसावा म्हणून.
तो काय होईल, कुठल्या नरकात जाईल,
हे त्या गवंड्यानं
दोन बोटं रुंदीच्या खपल्यात उडवून टाकलं.

दुपारभर मी त्याचाच विचार केला.
त्याला वाचता येत होतं का?
का मुकादम ओरडत होता, ऊन असंच होतं,
चव्वेचाळीस,
आणि घरी पोरगं तापानं फणफणलेलं?
शाप स्वतःवर येऊ नये म्हणून तोडला,
का निव्वळ मापात बसवायला?
छिन्नीचे घाव मी मोजले. सात.
सहा सरळ.
सातवा जरा घसरलेला.

त्याच्यानंतर भिंतीवर तोफा चढल्या,
तोफा उतरल्या, निशाणं बदलली,
गावाबाहेर चिमण्या उभ्या राहिल्या,
भोंग्यावर अख्खं गाव उठायला लागलं,
माझा आजा करीमनगरकडून चालत आला
माग डोक्यावर घेऊन,
आणि भोंगा बंद पडला
तेव्हा नाना चार वर्षं
पहाटे पाचला उठून खाटेवर बसून राहायचे.
दगड तिथंच. बुरुज तोलून.

दगड सरळ करायचा का, साहेबांनी विचारलं.
इंजिनिअर हसले.
हा काढला तर वरचे चाळीस खाली येतील.

संध्याकाळी घरी आले, पाचव्या दिवसाचं पाणी आलेलं.
घागरी, पिंप, डबे, कुकरसुद्धा भरून ठेवला.
अंगण धुतलं, मुग्गु काढला
तसाच,
देठ वर, पाकळ्या खाली.

समोरची पद्मावती विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेली.
म्हणाली, उलटं काढलंस की गं.

म्हटलं, माझ्या उंबऱ्यात येऊन बघ.
आली नाही. हजाराचा हिशोब व्हायचा होता तिचा.
पोरगी मात्र सायकल लावून आली,
फुलावर पाय पडू नये म्हणून
लांब ढांग टाकली,
आणि आत जाऊन वळून बघितलं.