वरून मीठ

एकतीस वर्षं मी कॉडला मीठ लावलं
क्रिस्तियानसुनच्या गोदीत, कोपरापर्यंत पांढरा.
किती लावायचं ते मासा सांगत नाही,
बोटांना कळतं.

गुनवरचं काय बिनसलं
ते बोटांना कळलं नाही.

पहिली गोळी पाच महिने. दुसरी सात.
दुसरीनं एवढंच झालं, ती रडायची थांबली
आणि खिडकीशी बसू लागली,
पलीकडच्या बेटाची बोट जाताना बघत,
बोट गेल्यावरही तिथेच बघत.
तिची बहीण टुरिड फोनवर म्हणायची, तिला हवेत ने.
हवा! या गावात हवेखेरीज आहे काय?

डॉक्टर हेल्लंड म्हणाल्या, चालू गोळी बंद नाही करायची,
तिच्या जोडीला एक देऊ.
कागदाच्या पाठीवर त्यांनी होडी काढली,
वाळूत रुतलेली,
मागे खांदा लावून उभा एक माणूस.
वल्ही उलटी काढली होती, मी बोललो नाही.
माणसाचं नाव विचारलं.
लिथियम, त्या म्हणाल्या. तसं एक मीठच.

मला हसू आलं. यायला नको होतं.
गुनवरनं वर पाहिलं नाही.

मग सूचना : पाणी भरपूर,
जेवणातलं मीठ एकाएकी तोडायचं नाही,
एकाएकी वाढवायचंही नाही.
हे मला!
मी शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली.

दर गुरुवारी सकाळी रक्त,
रात्रीच्या गोळीला बारा तास झाले की.
आधी आली तहान, तांब्या-दोन तांब्यांची.
मग तिचा कप बशीवर वाजू लागला
दात वाजावेत तसा.
मग आकडा आला, थोडा कमी पडतोय, गोळी वाढवा.
चौथ्या आठवड्यात काहीच आलं नाही.
त्या आठवड्याला मी न्हाणीत शिव्या घातल्या,
नळ सोडून.

सहाव्या की सातव्या, मंगळवार होता,
मी बटाटे उकडले होते, वर लोणी.
ती एक घास थांबली.
"अळणी झालेत," म्हणाली.

अळणी.
सव्वा वर्ष तिनं माझ्या हातचं
करपलेलं, कच्चं, दोनदा खारवलेलं
सगळं सारखंच गिळलं होतं.

मी उठलो, मीठदाणी आणली,
आणि मधेच उभा राहिलो.
एकाएकी वाढवायचं नाही.
एक चिमूट म्हणजे एकाएकी का?
डॉक्टरांना फोन करावा? रात्रीचे सात वाजलेत.

तिनं माझ्या हातातून मीठदाणी घेतली.
हात थरथरला, मीठ सांडलं,
ताटात थोडं, टेबलावर जास्त.
"मेल्या, बघत काय उभा," म्हणाली.

आठ वाजता ती झोपायला गेली.
बुधवारी पुन्हा खिडकी, पुन्हा बोट.

टेबल मी पुसलं नाही.
गुरुवारी रक्ताला निघताना कोट घालता घालता
तिनं एक बोट त्यावरून फिरवलं,
आणि बोटाकडे पाहिलं.